जपानी काकाचे हनुक्काचे पैसे

किस्लेव्ह महिना लागला की आमच्या वयाच्या मंडळींत फोनवर एकच विषय चालतो. यंदा नातवंडांना काय द्यायचे? दुकानातले खेळणे दोन दिवसांत मोडते. पाकिटात शेकेल घालून दिले तर मूल "तोदा, सावता" म्हणते, पाकीट आईच्या हाती देते आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालते. आठ दिवे, आठ संध्याकाळी, आणि घरात सगळे असून बोलणे मात्र कुणाचेच नाही. हे गाऱ्हाणे आम्ही इतक्या घरांतून ऐकले आहे, आणि स्वतःही केले आहे, की यंदा त्यावर थोडा विचार करावा म्हटले. विचार करता करता आम्ही जाऊन पोहोचलो जपानात. ते कसे, ते सांगतो.

१९३९ चा डिसेंबर. लिथुआनियातील कौनास शहर. पोलंड जर्मनीने आणि रशियाने वाटून घेतले होते आणि तिथले यहुदी निर्वासित जीव मुठीत धरून कौनासला येत होते. शहरातल्या यहुदी घरांत त्यांच्यासाठी वर्गणी गोळा होत होती. सॉली गानोर नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने (तेव्हाचे आडनाव गेंकिंड) हनुक्काला मिळालेले आपले सगळे पैसे त्या वर्गणीत टाकून दिले. टाकताना मन मोठे होते, पण मग गावात लॉरेल-हार्डीचा नवा सिनेमा लागला. आपल्यापैकी कितीजणांनी मुंबईत याच जोडीसाठी आईच्या डब्यातले आणे पळवले असतील! सॉली गेला मावशीच्या दुकानात, तिच्याकडे पैसे मागायला. दुकानात एक नीटनेटके जपानी गृहस्थ उभे होते. मुलाची अडचण ऐकून त्यांनी आपल्या खिशातून पैसे काढले. मुलगा संकोचला, परक्याकडून कसे घ्यायचे? तेव्हा गृहस्थ म्हणाले की सणापुरता मला तुझा काका समज. मूलही हजरजबाबी. काका असाल तर मग आमच्या घरी हनुक्काच्या जेवणाला यायला हवे, असे आमंत्रण त्याने तिथेच देऊन टाकले.

हे गृहस्थ होते जपानचे वाणिज्य दूत चिउने सुगिहारा. ते पत्नी युकिको यांना घेऊन खरोखरच त्या घरी गेले. दिवे लागलेले पाहिले, पदार्थ खाल्ले, आणि त्या घरात आसरा घेतलेल्या वॉर्सॉच्या एका निर्वासिताच्या तोंडून पोलंडमध्ये काय चालले आहे तेही ऐकले. गानोर यांनी म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत ही हकिकत आहे.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुगिहारांनी वरिष्ठांचा नकार असताना हाताने लिहून दोन हजारांहून अधिक ट्रान्झिट व्हिसा दिले. एका व्हिसावर अख्खे कुटुंब जाई, म्हणून वाचलेल्यांचा आकडा त्याहून बराच मोठा. हे लोक सायबेरियाच्या रेल्वेने व्लादिवोस्तोकला आणि तिथून बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरले. तिथल्या म्हाताऱ्या लोकांनी पुढे सांगितले आहे की निर्वासितांना कुणी फळे वाटली, आणि एका सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकाने एक दिवस न्हाणीघर त्यांना फुकट उघडून दिले. पुढे कोबे शहरात तिथल्या छोट्या यहुदी समाजाने त्यांना काही महिने सांभाळले.

सॉलीचे कुटुंब मात्र निघू शकले नाही. त्यांचे नागरिकत्व सोव्हिएत होते, त्या कागदावर जपानी व्हिसाचा उपयोग नव्हता. मुलगा कौनासच्या घेट्टोत गेला, मग डाखाऊच्या छावण्यांत. मे १९४५ मध्ये बर्फात पडलेल्या त्या पोराला उचलले ते अमेरिकन सैन्यातल्या जपानी वंशाच्या शिपायांनी. शुद्धीवर येताना जपानी चेहरा पाहून त्याला काय वाटले असेल! १९९२ मध्ये यरुशलेममध्ये त्या सैनिकांची आणि त्याची पुन्हा भेट झाली. तोवर तोही आपल्यासारखाच इस्राएलमध्ये येऊन आजोबांच्या वयाला पोहोचला होता.

आम्हांला या कथेतला व्हिसाचा भाग जितका हलवतो तितकाच तो दुकानातला क्षण. परक्या पोराच्या हातावर सणाचे पैसे ठेवणे त्या माणसाला इतके सहज कसे सुचले? याचे उत्तर सुगिहारांनी कुठे लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही, म्हणून हा आमचा तर्क समजा. त्यांच्या देशात नव्या वर्षाला मोठ्यांनी धाकट्यांना काही देण्याची जुनी रीत आहे. तिला 'ओतोशिदामा' म्हणतात. मुळात ती नाण्यांची रीत नव्हती. वर्षाच्या देवापुढे ठेवलेल्या तांदळाच्या गोळ्याचे, म्हणजे मोचीचे, तुकडे कुटुंबप्रमुख घरातल्यांना वाटत असे. आपल्याकडे मलिद्याचे ताट फिरते तसेच म्हणा. पुढे काळानुसार वस्तू, खेळणी आली. नक्षीच्या छोट्या पाकिटातून नोटा देण्याची चाल देशभर सर्रास झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, माणसे गाव सोडून शहरांत राहू लागली तेव्हा. म्हणजे तिथल्या आज्यांनाही पाकिटाचा प्रश्न पडलाच असणार.

तारीखसुद्धा जुनी नाही. जपानी लोक पूर्वी चंद्र-सूर्याच्या पंचांगाने वर्ष मोजत, आपल्या हिब्रू पंचांगासारखेच अधिक महिना घालून. १८७३ पासून सरकारने पाश्चात्त्य पंचांग लागू केले आणि नवे वर्ष १ जानेवारीला आणून बसवले. सण हलला, पण मुलांचे खेळ त्याच्याबरोबर हलले आणि टिकले.

या खेळांकडे आम्हांला लक्ष वेधायचे आहे, कारण ते बहुतेक घरच्या घरी करता येतात. मुलगे दोरीचा भोवरा फिरवतात, त्याला 'कोमा' म्हणतात. हनुक्काचा आपला सेविवोन बोटांनी फिरतो, त्यांचा दोरीने, अगदी कोकणातल्या अंगणातल्या आपल्या भोवऱ्यासारखा. पतंगही नव्या वर्षाचेच, जसे मुंबईत संक्रांतीला. मुली लाकडी फळीने पिसांचे फूल उडवतात. फूल खाली पडले की हरलेल्या मुलीच्या तोंडाला शाई फासतात. या फळ्यांचा बाजार तोक्योत आसाकुसाच्या देवळापाशी १७ ते १९ डिसेंबरला भरतो. त्या फुलाच्या बुडाशी जो काळा मणी असतो तो चक्क रिठ्याचे बी! ज्या रिठ्याने आपल्या आयांनी आपले केस धुतले, त्याच जातीच्या झाडाचे. जपानी लोक त्याचे नाव ज्या अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थ होतो 'आजारी न पडणारे मूल', म्हणून मुलीच्या पहिल्या नव्या वर्षाला ही फळी भेट देतात.

भेटवस्तूंची एक आठवण १९४५ च्या डिसेंबरची आहे. जपान हरला होता, शहरे जळलेली, खायची मारामार. माझ्या मुलाला यंदा काय देऊ, हा प्रश्न तेव्हा तिथल्या बापाला कसा पडला असेल, विचार करा. ओत्सु गावी मात्सुझो कोसुगे नावाच्या खेळणी करणाऱ्या कारागिराने अमेरिकन छावणीतून फेकलेले पत्र्याचे डबे गोळा केले, ते सपाट केले आणि त्यांपासून छोटी जीपगाडी बनवली, रबराने चालणारी. शेजारच्या क्योतोतल्या मोठ्या दुकानात ती दहा येनला विकायला आली आणि लोकांनी तिच्यासाठी रांगा लावल्या. जिंकलेल्या सैन्याची गाडी, त्याच सैन्याच्या कचऱ्यातून. त्यातून जपानचा पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला. चावी दिली की उड्या मारणारे माकड, ढोल वाजवणारे अस्वल, हे आपल्यापैकी ज्यांनी मुंबईच्या रस्त्यावर पाहिले आणि घेता आले नाही म्हणून रडले, त्यांना त्या जीपशी आपले नाते लगेच कळेल.

आता कुणी म्हणेल, परक्यांचे खेळ आपल्या सणात कशाला? याला आमचे उत्तर आपल्याच इतिहासातले आहे. हनुक्का आपल्या कोकणातल्या पूर्वजांकडे नव्हताच. त्यांच्याकडे नव्याचा सण होता, खिरीचा सण होता, दरफाळणी होती, होळीचा सण होता, अनाशी ढाकाचा सण होता. हनुक्काचे दिवे नव्हते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात यावरूनच अनुमान काढले आहे की आपले पूर्वज मक्काबींच्या घटनेच्या आधीच इस्राएलहून निघाले असावेत. अनुमानाबद्दल विद्वान वाद घालोत. पण हे खरे की हनुक्का आपण उशिरा शिकलो, कोचीनहून आलेल्या गुरूंकडून आणि इतर यहुद्यांकडून, आणि आज आपल्या नातवंडांना तो अनादि काळापासूनचा वाटतो. उशिरा आलेली रीतही घरची होते.

म्हणून आमची एक सूचना. जपानात नव्या वर्षाला 'कारुता' खेळतात. शब्द पोर्तुगीजांच्या 'कार्ता'वरून आला, पण खेळ पूर्ण जपानी. त्याचा मुलांसाठीचा प्रकार म्हणजे म्हणींचे पत्ते. त्यांच्या लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक म्हण, असे अठ्ठेचाळीस पत्ते वाचायचे आणि अठ्ठेचाळीस उचलायचे. उचलायच्या पत्त्यावर फक्त चित्र आणि पहिले अक्षर. मोठे माणूस म्हण वाचते, मुले जमिनीवर पसरलेल्या पत्त्यांतून ती झडप घालून उचलतात. क्योतोकडच्या म्हणी वेगळ्या, तोक्योकडच्या वेगळ्या. लिहिता-वाचता न येणारी मुलेही याने अक्षरे शिकली आणि आजीचे बोलणे त्यांच्या कानात बसले.

हे आपल्या मराठीत का करू नये? जाड पुठ्ठा, कात्री आणि रंगीत पेन्सिली पुरतात. अ: अति तेथे माती. आ: आयत्या बिळावर नागोबा. उ: उथळ पाण्याला खळखळाट फार. क: कामापुरता मामा. ग: गर्वाचे घर खाली. न: नाचता येईना अंगण वाकडे. नातवंडांना देवनागरी येत नाही, तर खाली हिब्रू अक्षरांत उच्चार लिहा. चित्रे त्यांनाच काढू द्या. अठ्ठेचाळीस जमले नाहीत तर पंधरा करा. आणि ज्यांना म्हणींची कंटाळवाणी शिकवणी वाटते त्यांनी 'सुगोरोकू' करावा. तो फाशांचा, आपल्या सापशिडीसारखा, जुन्या तोकाइदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांनी क्योतोला पोहोचणारा. आपला सुरू होईल नवगावच्या किनाऱ्यावर, जिथे गलबत फुटले. मग अलिबाग, रेवदंडा, पेण, मुंबई, विमान आणि लोद. कोणत्या घरावर पाऊल पडले की दोन घरे मागे जायचे, ते प्रत्येक कुटुंबाला आपापल्या आठवणीवरून ठरवता येईल. इस्राएलमध्ये आल्यावर पहिली दोन वर्षे कशी गेली ते आठवले म्हणजे झाले.

आम्ही घरी गेल्या आठवड्यात वीस पत्ते करून पाहिले. पहिल्या संध्याकाळी गोंधळच जास्त झाला. धाकट्याने दोन पत्ते दाताने चावले. तिसऱ्या संध्याकाळी इ आली: इकडे आड तिकडे विहीर. नातीने आपल्या हिब्रूत विचारले की आड आणि विहीर यांत फरक काय, दोन्ही 'बेएर'च ना? घरातल्या आजोबांनी सांगितले की आड अरुंद, पायऱ्या नसलेला. आजी म्हणाल्या, आमच्या पेणला आडालाही पायऱ्या होत्या. त्यावर अर्धा तास वाद झाला, नातीने दोन्ही प्रकारांची चित्रे काढली आणि कोणते पत्त्यावर चिकटवायचे ते अजून ठरलेले नाही.