भावनगर ते कोसबाड: नूतन बाल शिक्षण संघाची वाटचाल

विश्वस्तांची कामं संस्थेच्या घटनेत लिहिलेली असतात: बैठका, ठराव, हिशेब, वार्षिक अहवाल. मूल उघड्यावर किती वेळ खेळलं, हे त्यात कुठेच येत नाही. त्यामुळे नूतन बाल शिक्षण संघाची वाटचाल सांगताना मी इतिवृत्तांच्या वाटेला जात नाही, संघाच्या कामाची ठिकाणं बघतो. भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाड. काम पुढे सरकलं ते जिथे मुलं होती त्या दिशेनं, आणि दादरनंतर दर वेळी आधीपेक्षा अडचणीच्या जागी. एरवी संस्था गावाकडून शहराकडे सरकतात.

संघ 1926 मध्ये सुरू झाला. त्यामागे मुख्यतः दोन माणसं होती. गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत आले होते आणि 1920 पासून तिथलं बालमंदिर चालवत होते. ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरींची पद्धत आपल्या मुलांना कशी लागू पडेल, हा दोघांचा ध्यास. त्यांचं नियतकालिक ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत निघालं, मग मराठीत. पुढे ताराबाई मुंबईला आल्या, 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं. 1939 मध्ये गिजुभाई गेले. दादरचं काम नावारूपाला आलं होतं, पालक समजूतदार होते. एखादी संस्था इथेच स्थिरावली असती आणि तिला कुणी नावंही ठेवली नसती.

ताराबाईंना मात्र ते पुरेना. शिशुविहारसारख्या वर्गांतली साधनं महाग, त्यांचा लाभ शहरातल्या मध्यमवर्गाला. खेड्यातल्या मुलाचं काय? 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी जवळच्या तलासरी-उंबरगाव भागात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. बालवाडीची घंटा ऐकून मुलं आपणहून धावत येतील, असा तो मुलूख नव्हता. अनुताई वाघ इथेच त्यांच्याबरोबर आल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. ती सोडून त्या बोर्डीला आल्या. बी.ए. त्यांनी पन्नाशी उलटल्यावर केलं!

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं काही येईनात. अशा वेळी कार्यकारिणीत साधारण काय बोललं जातं, हे संस्थेत वावरलेल्या कुणालाही ठाऊक असतं: पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, जागृती केली पाहिजे. बोर्डीत उलट विचार झाला. मुलं येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ. हीच अंगणवाडी. बाईंनी वस्तीवर जायचं, मुलं गोळा करायची, हातपाय-तोंड धुवायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, अंगण झाडायचं. मग शिंपले, खडे, बिया, पानं मांडून बसायचं. लहान-मोठे शिंपले लावताना आकार कळतो, खडे मांडताना मोजणी होते. यातलं विकत काहीच आणायचं नाही. शेजारी आई कामात असते, येता-जाता बघते. तिला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यापुढचं कोडं थोरल्या भावंडांचं होतं. सात-आठ वर्षांची पोर कडेवरचं तान्हं कुठे ठेवून शाळेत येणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. हीच विकासवाडी. तिचं कौतुक फारसं झालेलं नाही, पण माझ्या मते या सगळ्या वाटचालीतली ती सर्वांत व्यवहारी कल्पना आहे.

1956-57 च्या सुमारास केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथली मुलं दिवसभर गुरांमागे. गुरं सोडून ती शाळेत येणार नाहीत आणि आली तर घरी चूल पेटायची पंचाईत. मग कुरणशाळा निघाली. शिक्षकानं सामान घेऊन चराईच्या रानात जायचं आणि गुरं चरत असताना शिकवायचं. गुरं कुणाच्या शेतात शिरली की धडा तिथेच थांबणार, हे धरूनच चालायचं. ज्यांना दिवसा तेही जमत नव्हतं, त्यांच्यासाठी रात्रीची शाळा होती.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1973 मध्ये त्या गेल्या. संस्थापक गेल्यावर संस्था पोरकी होते, निदान भांडते तरी. इथे अनुताई अठ्ठावीस वर्षं त्याच अंगणात बसलेल्या होत्या, वारसदार शोधायला जाहिरात द्यावी लागली नाही. 1982 मध्ये त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ सुरू केली. 1992 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांनी कोसबाड सोडलं नाही.

दरम्यान 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिची केंद्रं देशभर ‘अंगणवाडी’ याच नावानं ओळखली जातात. पोषण आणि लसीकरणाचं मोठं काम त्यांनी केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कित्येक ठिकाणी अंगण जाऊन एक खोली आणि नोंदवह्यांची चळत उरली आहे. सेविकेचा दिवसाचा बराच वेळ माहिती भरण्यात जातो, मग शिंपले मांडणार कोण?

मुलांच्या खेळा-शिक्षणासाठी न्यास स्थापन करणारी मंडळी आज पुष्कळ आहेत. जागा, देणगीदार, रंगीत घसरगुंडी यांवर त्यांच्या बैठका रंगतात. डहाणू रोड स्टेशनपासून कोसबाड जवळ आहे. विश्वस्तांनी पुढची बैठक ठरवण्याआधी तिथे एकदा जाऊन यावं, आणि परतल्यावर विषयपत्रिकेवर पहिला विषय हा घ्यावा: आपल्याकडे कोणती मुलं येत नाहीत?