लाखाचे बक्षीस आणि फुटक्या पाटीची टकळी

संसारातील पुष्कळशी साधने घरातल्या घरात तयार होत असत, असा काळ फार जुना नाही. चूल घरच्या मातीची, जमीन घरच्या शेणाने सारवलेली, खराटा परसातील माडाच्या हिरांचा आणि वात घरच्या कापसाची. यांपैकी एखादी वस्तू मोडली म्हणजे ती दुरुस्त करण्यास कारागीर शोधावा लागत नसे. ज्या हाताने ती केली, तोच हात ती पुन्हा नीट करी. यंत्राची वस्तू घरात आली, तेव्हा सोय झाली खरी. परंतु त्याबरोबर एक नवा प्रश्नही उंबरठ्याच्या आत आला. ती बिघडली तर काय करावयाचे? हा प्रश्न या शतकात नव्हे तर गेल्या शतकात, सूत कातण्याच्या साध्या साधनाच्या निमित्ताने, आपल्या देशात मोठ्या गंभीरपणाने विचारला गेला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीसही लावण्यात आले होते. त्या शोधाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

हाताने सूत कातण्याची विद्या या देशात किती पुरातन आहे, हे मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या टकळीच्या चकत्यांवरून दिसून येते. पुढे चरखा आला आणि शतकानुशतके घराघरांतून फिरत राहिला. एकोणिसाव्या शतकात प्रथम विलायती सूत आले. नंतर १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाच्या गिरणीची कंपनी उभारली व त्यामागून देशी गिरण्यांची रांग लागली. गिरणीचे सूत स्वस्त आणि एकसारखे. त्याच्यापुढे घरचा चरखा टिकला नाही. तो कोणी बळाने बंद पाडला असे म्हणण्यापेक्षा, तो हळूहळू अडगळीत गेला, असे म्हणणेच यथार्थ होईल.

तो इतका विसरला गेला की, १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात हातमागाचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनी तोवर चरखा पाहिल्याचे त्यांना स्मरत नव्हते. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. १९१५ साली ते स्वदेशी परत आले. त्यांच्या आश्रमात माग सुरू झाले, परंतु सूत मात्र गिरणीचेच घ्यावे लागे. चरख्याचा शोध सुरू झाला. १९१७ साली भडोच येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गंगाबेन मजमुदार या कर्तबगार विधवा बाईंची भेट झाली व त्यांनी हे काम अंगावर घेतले. पुष्कळ भटकंतीनंतर बडोदे संस्थानातील विजापूर गावी त्यांना चरखे आढळले. ते कोठे होते? घरांच्या माळ्यांवर, निरुपयोगी सामानात पडलेले. पेळू वेळेवर मिळाले आणि सूत विकत घेण्याची हमी मिळाली, तर आम्ही कातू, असे तेथील लोकांनी सांगितले.

या शेवटच्या अटीत सारे मर्म आहे. चरखा घरात असून भागत नाही. कापसातील सरकी काढली पाहिजे, रुई पिंजली पाहिजे, तिचे पेळू वळले पाहिजेत. तेव्हा कोठे धागा निघतो. या मालिकेतील एक दुवा निखळला की चरखा पुन्हा माळ्यावर जातो. मुंबईस मणिभवनात गांधीजी आजारातून उठत असता, रस्त्याने जाणाऱ्या पिंजाऱ्याची तार ऐकून पेळूंची सोय करण्यात आली, आणि तेथेच चरख्याचा आवाज घुमू लागला. तेव्हा कताई शिकू लागलेल्या स्त्रियांत अवंतिकाबाई गोखले होत्या, ही गोष्ट महाराष्ट्राने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इकडे साबरमतीस मगनलाल गांधी यांनी चरख्यात सुधारणा केल्या व आश्रमात चरखे तयार होऊ लागले.

मग चळवळ वाढली. १९२१ साली बेजवाडा येथे काँग्रेसच्या महासमितीने वीस लक्ष चरखे चालू करण्याचा संकल्प केला. शहरांतील सुशिक्षित घरांतूनही चरखे आले. आणि येथेच अडचण उभी राहिली. चरखा दिसावयास साधा. पण त्याची चाती किंचित वाकली की धागा तुटू लागतो. चाक व चाती यांना जोडणारी माळ सैल झाली की चाक फिरते, चाती फिरत नाही. फार ताणली की हात भरून येतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. पूर्वी खेड्यातील सुतार आणि लोहार हे सर्व जाणत होते. चरख्याबरोबर तीही विद्या मागे पडली होती. चरखा विकत आणणे सोपे, परंतु तो चालता ठेवणे कठीण, असा अनुभव जागोजागी येऊ लागला.

१९२५ साली पाटणा येथे अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि या संघाने १९२९ साली उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्या काळी एक लाख रुपये ही डोळे दिपविणारी रक्कम होती. बक्षिसाच्या अटी मात्र त्याहूनही बोधप्रद होत्या. यंत्र हलके असावे, इकडून तिकडे नेता यावे, खेड्यातील साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालविता यावे. एका स्त्रीला त्यावर आठ तास फारसा शीण न होता काम करता यावे. ते हिंदुस्थानात बनावे व त्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. ते वीस वर्षे चालावे आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्चही बेताचा असावा. वेगाबरोबरच टिकाऊपणा आणि दुरुस्ती यांनाही या अटींत स्थान होते, हे विशेष होय.

अनेक कारागिरांनी व यंत्रशास्त्रज्ञांनी यत्न केले. महाराष्ट्रातही औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीस, जेथे १९१० सालापासून लोखंडी नांगर व अन्य शेतीची अवजारे तयार होत होती, असा एक चरखा बनविण्यात आला. परंतु सर्व कसोट्यांस एकही यंत्र उतरले नाही, आणि ते लाख रुपये अखेर कोणाच्याच हाती पडले नाहीत. याचे कारण कारागिरांची बुद्धी थिटी पडली असे मुळीच नव्हे. वेग वाढवावयाचा तर चात्या वाढवाव्या लागतात, दाते व रूळ बसवावे लागतात, आणि त्यांची मापे काटेकोर ठेवावी लागतात. जो जो वेग वाढे, तो तो यंत्र झोपडीपासून दूर व कारखान्याच्या जवळ जाई. एका अटीस जवळ करावे, तो दुसरी अट दूर पळे.

मोठे बक्षीस असे पडून राहिले असता, लहान लहान सुधारणा मात्र निराळ्याच ठिकाणी घडत होत्या. १९३० सालच्या मे महिन्यापासून १९३१ सालच्या जानेवारीपर्यंत गांधीजी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते. त्या काळातील प्रयोगांतून जो पेटीचा चरखा पुढे आला, त्याला ‘येरवडा चक्र’ असेच नाव पडले. त्यात एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके असतात. मोठ्यावरून लहान चाक फिरते आणि लहानावरून चाती. यामुळे थोड्या जागेत हवा तेवढा वेग मिळतो. काम संपले की सर्व भाग पेटीतच घडी होऊन बसतात. आगगाडीच्या प्रवासात किंवा चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात ठेवण्यास याहून सोयीचा चरखा दुसरा नव्हता.

त्याहूनही साधी वस्तू म्हणजे टकळी. चरख्याची ही आजी. आणि आजीप्रमाणेच अडचणीच्या वेळी तिची आठवण झाली. टकळी करण्यास बाजारात जावे लागत नाही. पक्क्या बांबूची वीतभर सरळ काडी घ्यावी व ती तासून गुळगुळीत करावी. फुटक्या पाटीचा एक तुकडा घासून रुपयापेक्षा किंचित मोठी वाटोळी चकती करावी, तिला बरोबर मध्यावर भोक पाडावे आणि काडीच्या खालच्या भागात ती घट्ट बसवावी. खालचे टोक अणकुचीदार ठेवावे व वरच्या टोकाशी धागा अडकण्यापुरती तिरपी खाच पाडावी. झाली टकळी! तिची परीक्षाही घरीच होते. थाळीत उभी धरून भोवऱ्यासारखी फिरवावी. डगमगली तर चकतीची जी बाजू जड असेल ती थोडी घासावी. डाव्या हातात पेळू धरावा, उजव्या हाताच्या बोटांनी टकळीला गिरकी द्यावी, म्हणजे तंतूंना पीळ बसत जाऊन धागा लांबतो. हातभर झाला की तो काडीवर गुंडाळावयाचा. दहा वर्षांच्या मुलास हे साध्य होते.

म्हणूनच १९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची जी योजना आखली, तीत कताईचा आरंभ टकळीपासून करण्यात आला. मुलाने टकळी फिरवावी, काढलेले तार मोजावे, चार फुटांचा एक तार व सहाशे चाळीस तारांची एक गुंडी या मानाने हिशेब करावा. यातूनच त्याचे गणित व्हावे आणि कापसाच्या कथेतून भूगोल व इतिहासही. वर्ध्याच्या परिसरातच विनोबा भावे यांनी टकळीवर दीर्घ काळ प्रयोग केले.

टकळी आणि चरखा यांच्यामधला एक मार्ग एका परदेशी इंजिनियराने काढला. पोलंडचे मॉरिस फ्रीडमन हे नोकरीनिमित्त बंगलोरला आले आणि पुढे ‘भारतानंद’ या नावाने येथलेच होऊन गेले. औंध संस्थानात १९३९ साली प्रजेच्या हाती राज्यकारभार देणारी जी घटना अमलात आली, तिच्या घडणीतही त्यांचा भाग होता. विजेच्या यंत्रांत मुरलेल्या या माणसाने चरख्याचे चाकच काढून टाकले! त्यांच्या ‘धनुष टकळी’त चाती आडवी बसविलेली असते आणि चाकाऐवजी बांबूचे लहानसे धनुष्य तिच्यावर घासून ती फिरवावयाची. चाक नाही म्हणून चाकाची दुरुस्ती नाही. वेग टकळीहून अधिक, खर्च चरख्याहून कमी. आणि मोडलीच तर बांबूचा तुकडा कोठेही मिळतो. हिचा हाच गुण गांधीजींना विशेष भावला होता.

पुढे तामिळ प्रांतातील एकांबरनाथ यांनी अनेक चात्यांचा ‘अंबर चरखा’ तयार केला आणि १९५६ सालापासून सरकारी योजनेतून त्याचा प्रसार झाला. साध्या चरख्याच्या मानाने सूत पुष्कळ निघू लागले व कातणाऱ्या स्त्रीची मजुरीही वाढू शकली. हा लाभ लहान मानण्याचे कारण नाही. परंतु त्याचे रूळ व दाते घरी घडविता येत नाहीत. ते कार्यशाळेतूनच यावे लागतात. लाखाच्या बक्षिसाच्या अटींतील जुनाच झगडा येथेही दिसतो.

या सर्व खटपटीवर आक्षेप घेणारे थोर लोकही होते. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२५ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात लेख लिहून चरख्याच्या पंथावर कडक टीका केली. तीच ती क्रिया नित्य करीत राहिल्याने मनाला जडत्व येते, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप पोकळ नव्हता. गिरणीच्या सुताशी किमतीत स्पर्धा करणे टकळीला कधीही शक्य नव्हते, आणि दिवसभर कातणाऱ्या गरीब स्त्रीच्या पदरी बहुधा फार थोडे पैसे पडत. ती मजुरी पोटापुरती तरी असावी, म्हणून १९३५ साली चरखा संघाला आपले दर मुद्दाम वाढवावे लागले. हे दुर्लक्षून टकळीचे गोडवे गाणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास होईल.

तथापि एक गोष्ट शिल्लक राहतेच. कातणे जडत्व आणील. पण टकळी तयार करणे जडत्व आणीत नाही. चकतीचा मध्य शोधताना, जड बाजू ओळखताना, धागा का तुटला याचा विचार करताना, मुलाची नजर व बुद्धी दोन्ही जाग्या होतात. ज्याने एकदा फुटक्या पाटीतून फिरती वस्तू निर्माण केली, त्याला घरातील दुसरी मोडकी वस्तू टाकून देण्यापूर्वी ती उघडून पाहावीशी वाटते. आजच्या घरांतून चरखा क्वचितच आढळतो, आणि बटण दाबताच चालणारी यंत्रे मात्र प्रत्येक खोलीत आहेत. त्यांतील किती आपण स्वतः उघडू शकतो, आणि किती बिघडताच अडगळीत जातात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा. कोणतीही वस्तू घरात आणण्यापूर्वी तिची किंमत आपण विचारतोच. ती मोडल्यावर कोणाच्या हाताने नीट होईल, हेही त्याच वेळी विचारण्याची सवय लागली, तर त्या लाखाच्या बक्षिसाचा थोडासा तरी उपयोग झाला, असे म्हणता येईल.