बांडगूळ (धाराशिव जिल्हा)

बांडगूळ : (हिं. बांदा, सं. वृक्षादनी, वंदाक, लॅ. डेंड्रोफ्थी फॅल्काटा; कुल–लोरँथेसी). झाडांच्या फांद्यांवर वाढणारे सदाहरित, अर्धपरोपजीवी झुडूप. पाने जाड व चिवट असतात. त्यांतील हरितद्रव्यामुळे ते अन्न स्वतः तयार करते. पाणी व क्षार मात्र आश्रयी झाडाच्या लाकडात घुसलेल्या शोषक मुळांनी ओढून घेते. नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात. फळे फुलटोच्या खातो. फळातील बी चिकट असते आणि पक्ष्याच्या पोटातून काही मिनिटांत बाहेर पडते. ते झटकून टाकण्यासाठी पक्षी अंग फांदीवर घासतो आणि बी तिथेच रुजते. या पक्ष्यांचा बांडगुळाच्या प्रसारातील वाटा सालिम अली यांनी कोकणातील निरीक्षणांवरून १९३१ मध्ये मांडला. भारतात शेकडो जातींच्या झाडांवर ही वनस्पती आढळते. बागायतदारांची तक्रार मुख्यतः आंब्यावरील बांडगुळाबद्दल असते. जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या वनस्पतींवर व्ही. एन. नाईक यांचा स्वतंत्र ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

युरोपातील मिसलटो (व्हिस्कम अल्बम) ही याच जीवनपद्धतीची वनस्पती. तिला नाताळात घराच्या दारावर मान मिळाला आणि औषध म्हणूनही तिचा गाजावाजा झाला. धाराशिवकडे बांडगुळाच्या वाट्याला सण आला नाही. आयत्या बिळावर जगणाऱ्या माणसाला हिणवण्यासाठी मात्र त्याचे नाव वापरतात. या दोन नशिबांची तुलना केली तर एक गोष्ट स्पष्ट होते. वनस्पतीला सणात मिळणारे स्थान हवामान, पंचांग आणि कथा यांतून ठरते. तिचे औषधी मोल वेगळ्या कसोटीवर ठरते. म्हणून मानावरून गुण सिद्ध होत नाही आणि अवहेलनेवरून गुणाचा अभावही सिद्ध होत नाही.

हवामानाचा भाग आधी पाहू. उत्तर युरोपात नाताळाच्या सुमारास रुंद पानांची झाडे निष्पर्ण असतात. त्या उघड्या फांद्यांवर पांढऱ्या फळांनी लगडलेला हिरवा झुबका दुरूनही नजरेत भरतो. मरगळलेल्या ऋतूत जीव टिकून असल्याची ती खूण वाटावी, हे साहजिक आहे. धाराशिवचे मोठे सण पावसाळ्याच्या शेवटी येतात. तुळजापूरला भवानीचे शारदीय नवरात्र चालते आणि विजयादशमीला देवीचे सीमोल्लंघन होते, तेव्हा बालाघाटचे डोंगरही हिरवे असतात. शिवाय आंबा स्वतःच सदाहरित. त्याच्या पानांत बांडगूळ वेगळे दिसत नाही. दिसते ते वाळत चाललेल्या फांदीचे टोक आणि घटलेली फळे. त्यामुळे तोरणाला आंब्याची पाने गेली, सोने म्हणून आपटा वाटला गेला, आणि बांडगुळाच्या वाट्याला कोयता आला.

यावर पहिला आक्षेप असा की, युरोपात तरी मान आणि औषध एकत्रच होते. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिले आहे की, गॉलमधील ड्रुइड पुरोहित ओकवरील मिसलटो सोन्याच्या विळ्याने कापत आणि तिला सर्व रोगांवरचा उपाय मानत. पण त्याच वर्णनात ओकवर ही वनस्पती क्वचितच सापडते, हेही आहे. म्हणजे दुर्मिळतेतून पावित्र्य आले आणि पावित्र्यातून सर्वरोगहारक असल्याचा समज. पुढे इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून तिच्याखाली चुंबन घेण्याची चाल रूढ झाली. त्या चालीचा कोणत्याही रोगाशी संबंध नव्हता. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी कर्करोगावर मिसलटोचा अर्क सुचवला आणि जर्मन भाषक देशांत तो आजही बराच वापरला जातो. परंतु उपलब्ध चाचण्यांचा २००८ मध्ये झालेला कॉक्रेन आढावा सांगतो की, त्याने आयुष्य वाढते याचा पुरावा कमकुवत आहे. शतकानुशतकांच्या मानाने पुराव्यातली ही उणीव भरून निघाली नाही.

बांडगुळाची गोष्ट नेमकी उलटी आहे. चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या दहा औषधींच्या गणात वृक्षादनी पहिली येते. सुश्रुताच्या वीरतर्वादि गणातही ती आहे आणि त्या गणाचा उपयोग मुतखडा व लघवीच्या त्रासावर सांगितला आहे. वृक्षादनी म्हणजे बांडगूळच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिरस्काराने ही नोंद पुसली गेली नाही. मात्र तिला सिद्ध औषध म्हणणेही घाईचे ठरेल, कारण आधुनिक काम प्रामुख्याने प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने खातात. तिथे सण आणि औषध एकच नाहीत का? कडुनिंबाचे गुण खरे आहेत, पण गूळ-ओव्याबरोबर वर्षातून एकदा खाल्लेल्या चिमूटभर पानांनी ते सिद्ध झालेले नाहीत. रोजच्या वापरातून आणि स्वतंत्र अभ्यासातून ते कळले. आपट्याचेही तसेच. त्याला वैद्यकात अश्मंतक म्हणून स्थान आहे, पण दसऱ्याला त्याची पाने देतात ती रघुराजा आणि कौत्साच्या कथेमुळे. ती कोणी औषध म्हणून घेत नाही. तांत्रिक परंपरेत नक्षत्र पाहून ठरावीक झाडावरचे बांदे आणण्याचे तोडगे आहेत, हेही खरे. पण धनलाभासाठी केलेला तोडगा वैद्यकाचा पुरावा ठरत नाही. सण दिवस ठरवतो, मात्रा ठरवत नाही.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे, कारण बांडगुळाची रासायनिक घडण आश्रयी झाडानुसार बदलते. कण्हेरीवर वाढलेल्या याच जातीत कण्हेरीची हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये आढळली आहेत. तेव्हा ‘बांडगुळाचा काढा’ एवढे सांगणे अपुरे असून कोणत्या झाडावरचे, हे कळल्याशिवाय तो घेणे धोक्याचे आहे. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. घरगुती प्रयोगापेक्षा अशा ठिकाणचा जाणकार वैद्य गाठणे शहाणपणाचे.

बागेत मात्र दया दाखवण्याचे कारण नाही. एखाद-दुसऱ्या बांडगुळाने झाड मरत नाही आणि पक्ष्यांना त्यातून मध व फळे मिळतात. पण संख्या वाढली की फांद्या वाळतात. नुसता पाला तोडल्यास फांदीत उरलेल्या भागातून ते पुन्हा फुटते. म्हणून फळे पिकण्यापूर्वी, शोषक मुळे शिरलेल्या जागेच्या खालून निरोगी लाकडापर्यंत फांदी कापावी. नुकसान करणारी वनस्पती औषधी असू शकते आणि औषधी वनस्पती बागेतून काढावी लागू शकते. दोन्ही निर्णय आपापल्या पुराव्यावर घ्यावेत.