गिरमिट आणि उचल

नामदार गोखल्यांचे चरित्रकार त्यांच्या कागल-कोल्हापूरच्या दिवसांना फारशी जागा देत नाहींत. कागलास बाळपण, कोल्हापुरास इंग्रजी शिक्षण, १८८१ सालीं मॅट्रिक, राजाराम कॉलेजांत थोडा काळ आणि मग पुणें-मुंबई, एवढ्यांत हा भाग उरकतो. आम्हां कोल्हापूरकरांस याचें वैषम्य वाटण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांच्या कार्यांतील एक प्रकरण असें आहे कीं, तें कागलच्या उसाच्या शिवारांत उभें राहून वाचलें असतां अधिक उमगतें. तें प्रकरण गिरमिटाचें.

‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा मजुरांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झाला. ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी १८३३ च्या कायद्यानें उठली, आणि उसाच्या मळेवाल्यांस स्वस्त हातांची चणचण भासूं लागली. १८३४ पासून मॉरिशसला हिंदी मजुरांचीं जहाजें जाऊं लागलीं. पुढें सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर उतरलीं. बहुतेक कलकत्ता व मद्रासकडचीं; पण मुंबई बंदरांतूनहि भरती होई, आणि तींत रत्नागिरीकडचीं आपलीं माणसें असत. त्यांचे वंशज आजहि तेथें स्वतःस मराठी म्हणवितात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. हें ऐकून आपल्याकडे अभिमानाचीं भाषणें होतात. त्यांचे पणजोबा तेथें कसे राहिले, हें मात्र भाषणांत सहसा येत नाहीं.

तेथें एक दिवस कामास न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. करार संपलेल्या मजुरालाहि १८६७ च्या कायद्यानें छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला कीं भटक्या म्हणून तुरुंग. १८७१ सालीं आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थाच्या साह्यानें ९,४०१ हिंदी मजुरांनीं गव्हर्नराकडे अर्ज केला, आणि त्यामुळें पुढच्या वर्षीं शाही चौकशीमंडळ बसलें. निरक्षर म्हणून हिणवलेल्या माणसांची ही सनदशीर चळवळ काँग्रेस स्थापन होण्याच्या चौदा वर्षें आधींची आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

गोखल्यांनीं २५ फेब्रुवारी १९१० रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळची मजूरभरती बंद करण्याचा ठराव आणला. तो मान्य झाला आणि १ जुलै १९११ पासून तिकडची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं सर्वच वसाहतींतील गिरमिट रद्द करावें असा ठराव मांडला. तो सरकारी मतांनीं पडला. आमच्या मतें या पराभूत ठरावाचें महत्त्व अधिक. मजुरांस मार बसतो, त्यांचे हाल होतात, असें रडगाणें गाऊन ते थांबले नाहींत. त्यांनीं कराराच्या मुळावरच बोट ठेविलें. ज्याला अटी समजत नाहींत, मालक कोण हें ठाऊक नाहीं, आणि मध्येंच काम सोडणें हा ज्याच्यापुरता फौजदारी गुन्हा आहे, त्यानें उठविलेल्या अंगठ्याला करार म्हणावयाचें कसें? मजूर स्वखुषीनें जातो आणि घरच्यापेक्षां अधिक मिळवितो, हें प्रतिपक्षाचें ठरलेलें उत्तर होतें. १९१७ च्या मार्चमध्यें भरती बंद झाली. १९२० च्या आरंभीं फिजींतील उरले-सुरले करारहि संपले. तें पाहण्यास गोखले नव्हते. १९१५ सालींच ते वारले होते.

हें सारें समुद्रापलीकडचें, असें वाचकांस वाटेल. पण आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागीर-मजुरास शिक्षा देणारा १८५९ चा कायदा खुद्द हिंदुस्थानांतहि चालू होता, आणि तो १९२५ सालीं रद्द झाला. कायदा गेला, आगाऊ रक्कम राहिली. आमच्या जिल्ह्यांत तिला ‘उचल’ म्हणतात.

दसरा-दिवाळी झाली कीं बीडकडच्या टोळ्या आमच्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ऊस तोडून ती फेडावयाची. आजारपणानें दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून उलट दंड भरावयाचा. मॉरिशसच्या दुप्पट कपातीची आठवण येथें न होणें कठीण. टोळी उचल घेऊन पळाली, मुकादमानें दोन ठिकाणीं पैसे घेतले, अशा बागायतदारांच्या तक्रारीहि खऱ्या आहेत. मुकादम स्वतःहि पुष्कळदां कर्जांत असतो. पण “त्यांनीं आपखुषीनें उचल घेतली,” हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून ऐकूं येतें, तेव्हां १९१२ सालच्या सरकारी बांकांवरचें तें उत्तरच पुन्हां कानीं पडतें.

वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ सालीं झाला. परप्रांतीं जाणाऱ्या मजुरांसाठीं १९७९ सालीं निराळा कायदा झाला. त्यांत प्रवासभत्ता होता, विस्थापनभत्ता होता, ठेकेदारास परवान्याची सक्ती होती. परंतु त्यासाठीं मजुरानें राज्याची सीमा ओलांडलेली असली पाहिजे. २०२० च्या संहितेंत तो सामावला तेव्हांहि ही अट सुटली नाहीं. म्हणजे बीडची टोळी दूधगंगा ओलांडून निपाणीकडे गेली तर ती स्थलांतरित. अलीकडे कागलच्या फडांत राहिली तर घरचीच! १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यांत होतें आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ पर्यंत स्वतंत्र संस्थान. जेव्हां सीमा होती तेव्हां कायदा नव्हता. कायदा झाला तेव्हां सीमा उरली नव्हती.

मॉरिशसच्या वसाहत सरकारनें आपल्या सोयीसाठीं कां होईना, प्रत्येक मजुराचें नांव आणि गांव टिपून ठेविलें. पुरुषांमागें स्त्रिया किती न्याव्या याचा नियम असल्यामुळें बायकाहि मोजल्या गेल्या. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत तीं दप्तरें जपलेलीं असून लोक त्यांत आपली पणजी शोधतात. मुकादमाच्या वहींत कोयता लिहिला जातो तो नवऱ्याच्या नांवें. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बायको त्याच कोयत्यांतली निम्मी. तिचें नांव वहींत बहुधा नसतें.