भ्रूणविकास (मानवी, आरंभीचा)

अंडवाहिनीत अंड आणि शुक्रपेशी यांचा संयोग झाल्यापासून सुमारे 8 आठवड्यांपर्यंतच्या वाढीला भ्रूणावस्था म्हणतात. पुढे त्याला गर्भ ही संज्ञा आहे. डॉक्टर मात्र गर्भारपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा साधारण 2 आठवड्यांनी पुढे असतो.

फलित अंड विभागत विभागत गर्भाशयात उतरते आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून त्याच्या अस्तरात रुजू लागते. तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर तयार होतात. बाह्यस्तरापासून त्वचा व मज्जासंस्था, मध्यस्तरापासून हाडे, स्नायू व हृदय, तर अंतःस्तरापासून आतड्याचे व फुप्फुसांचे अस्तर घडते.

सर्वांत नाजूक काळ यानंतरचा. बाह्यस्तराची पट्टी दुमडून नळी बनते. तिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू तयार होतात. ही नळी सुमारे 28 व्या दिवशी मिटते. ती उघडी राहिल्यास पाठीच्या कण्यात किंवा कवटीत गंभीर व्यंग राहते. तोवर अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची कल्पनाही नसते. हृदयाचे स्पंदन 22 व्या दिवसाच्या सुमारास सुरू होते. आठव्या आठवड्याअखेर भ्रूण जेमतेम 3 सेंमी. असतो, पण बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते.

ही मेंदू-मज्जारज्जूची नळी नीट मिटावी म्हणूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यावे.