खवले, सुरी आणि शिक्का

दाविद राहाबींची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कोकणात आल्यावर आपल्या पूर्वजांची पारख करावी म्हणून त्यांनी बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले. बायकांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. हे इस्राएलच आहेत, अशी राहाबींची खात्री पटली. या गोष्टीच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण मर्म स्पष्ट आहे. हिब्रू विसरलेल्या समाजाची ओळख त्याच्या खाण्यावरून पटली. पुढे १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचे दार.

आमच्या बालपणी रेवदंड्यास कोंबडी कापायची तर हजानकडे न्यावी लागे. ते सुरीच्या धारेवरून नख फिरवून पाहत. किंचित खाच लागली तरी सुरी पुन्हा घासत. मटण आणले की आई त्याला मीठ लावून रक्त निथळत ठेवी. बिरड्याच्या रोजापूर्वी मटण बंद असे. ताटातल्या घासासाठी एक जीव गेला आहे, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असे.

हे आठवण्याचे कारण म्हणजे २०२३ साली आम्ही केलेली अमिरातीची सहल. २०२०च्या अब्राहम करारानंतर ती वाट आपल्याला मोकळी झाली. त्याच वर्षी अबुधाबीने हॉटेलांना कोशेर जेवणाची सोय ठेवण्यास सांगितले. तेथील सादियात बेटावर आता मशीद, चर्च व सिनेगॉग एकाच आवारात उभे आहेत. सिनेगॉगला मोशे बेन मैमोन, म्हणजे आपल्या रामबामांचे नाव आहे. ते पाहून आम्ही हॉटेलात आलो. सीलबंद जेवण आले, शिक्का पाहिला आणि जेवायला बसलो. तेवढ्यात बरोबरच्या नातवाने विचारले, हे मेंढरू कुठून आणले? आम्ही जन्मभर शिकवण्याचे काम केले, पण त्याला उत्तर देता आले नाही.

घरी परतल्यावर वाचू लागलो. आखाती देशांत कापण्यासाठी जिवंत मेंढ्या दूरदूरहून जहाजाने येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे निघालेल्या 'आवासी एक्सप्रेस' जहाजावर सुमारे २,४०० मेंढ्या उष्म्याने मेल्या. जहाजातली दृश्ये पुढल्या वर्षी टीव्हीवर दिसली आणि तेथील लोक हळहळले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा केला, की १ मे २०२८ पासून जिवंत मेंढ्यांची समुद्रमार्गे निर्यात बंद. आपण अरबांकडे बोट दाखवू नये. आपल्या इस्राएलातही ऑस्ट्रेलिया व युरोपातून वासरे व कोकरे अशीच जहाजाने येतात.

मुसलमानांच्या शिकवणीत जनावराच्या देखत सुरी घासू नये, एकासमोर दुसरे कापू नये असे आहे. आपल्या तोरात आई व तिचे पिलू एकाच दिवशी कापण्यास मनाई आहे. रामबामांनी 'मोरे नवुखीम' हा ग्रंथ अरबीतच लिहिला. पिलावरची आईची माया माणसात व जनावरात सारखीच, असे त्यांनी या आज्ञेचे कारण दिले. दोन्ही धर्मांना मुक्या जिवाचे दुःख कळले होते. पण आमच्या ताटावरचा शिक्का सुरीपुरता बोलत होता. जहाजावरच्या आठवड्यांविषयी तो काहीच सांगत नव्हता.

मटण सोडा, असे आम्ही कोणास सांगत नाही. नोहाला परवानगी मिळाली, ती आपल्यालाही आहे. पण शिक्का दिसला की विचारणे संपले, ही सवय आपल्या आज्यांची नव्हती. त्यांनी एकेक मासा हाताळून पाहिला होता. तेव्हा वाचकहो, पुढल्या सणाला खाटकाकडे जाल तेव्हा जनावर कुठले आणि कसे आणले, एवढे जरूर विचारा. उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी बिरडे करा. नातवंडांना त्याचे कारणही सांगा.