डोळ्यांचा विद्यार्थी, कानांचा विद्यार्थी

अध्यापक-विद्यालयांतून हल्ली जे सिद्धांत निर्विवाद म्हणून शिकविले जातात, त्यांत 'अध्ययनशैली' या सिद्धांताचे आसन बरेच वरचे आहे. कुणी विद्यार्थी दृक्‌प्रधान असतो, कुणी श्रवणप्रधान, तर कुणी हातांनी व हालचालींनी शिकणारा. शिक्षकाने ज्याची त्याची प्रकृती ओळखावी आणि तदनुरूप पाठाची आखणी करावी, असा त्याचा मथितार्थ. ऐकावयास ही गोष्ट इतकी समंजस व विद्यार्थ्याविषयीच्या कळवळ्याने भरलेली वाटते की, तिचे कुळ विचारण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. ते विचारावयास गेले असता असे आढळते की, हिच्या वंशवृक्षाला दोन अगदी भिन्न घराण्यांची मुळे असून, वर्गात शिकविण्याशी प्रथमतः दोहोंचाही फारसा संबंध नव्हता.

पितृकुळ लंडनचे. फ्रान्सिस गाल्टन या मोजमापाच्या व्यसनी गृहस्थाने 1880 साली 'माइंड' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. सकाळी आपण न्याहारीस बसलो ते मेज मनःचक्षूंपुढे आणा आणि ते किती उजळ दिसते, त्यावरील वस्तूंचे रंग कितपत खरे वाटतात, ते कळवा, अशी प्रश्नावली त्याने परिचितांकडे धाडली होती. जबाब आले ते चकित करणारे. कित्येक नामांकित शास्त्रज्ञांनी, मनात असे चित्र उमटते हेच मुळी आपणास ठाऊक नाही, असे कळविले. उलट साध्यासुध्या माणसांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, मेजावरचा एकूण एक जिन्नस समोर असल्याप्रमाणे दिसतो, अशी ग्वाही दिली. माणसामाणसांच्या अंतःसृष्टीत केवढी तफावत असते याचा हा पहिला पद्धतशीर दाखला होय. परंतु ज्यांना चित्र दिसत नाही त्यांना चित्राने शिकवू नये, असे काही गाल्टनने म्हटले नव्हते.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को याने या तफावतीला रोगनिदानाचे रूप दिले. 1883 साली त्याने वर्णिलेला एक सुशिक्षित व्यापारी असा होता की, एकदा डोळ्यांखालून गेलेला मजकूर पानेच्या पाने त्याच्या मनात जसाच्या तसा उभा राही. अकस्मात ही शक्ती नाहीशी झाली, बायकामुलांचे चेहरेही आठवेनात, आणि जे ध्यानात ठेवावयाचे ते मनातल्या मनात शब्दांनी घोकण्याची पाळी त्याच्यावर आली. दृश्य, श्राव्य आणि गतिज असे स्मृतीचे वेगवेगळे प्रकार आहेत, ही कल्पना त्या काळच्या वैद्यकात दृढ झाली ती अशा रुग्णांवरून. तेथून विल्यम जेम्सने ती उचलली. 1899 साली शिक्षकांसाठी प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत त्याने विद्यार्थ्यांच्या या प्रकृतिभेदांचा उल्लेख केला आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष आजच्या पाठ्यपुस्तकांना गैरसोयीचा आहे. वर्गात सर्व तऱ्हांची मुले मिसळलेली असतात, सबब शिक्षकाने बोलावे, फळ्यावर लिहावे, आकृत्या काढाव्यात, आणि मुलांकडूनही हे सारे करवून घ्यावे. म्हणजे प्रत्येक वाट प्रत्येकासाठी खुली ठेवावी, हा त्याचा सल्ला.

मातृकुळाची कथा अधिक करुण आणि माझ्या मते अधिक थोर आहे. 1800 साली फ्रान्समधील आव्हेरों प्रांताच्या रानात सापडलेला एक मुका मुलगा पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणला गेला, आणि झां इतार या तरुण डॉक्टरने त्याला शिकविण्याचा ध्यास घेतला. सुटी कापलेली अक्षरे जुळवून 'दूध' या अर्थाचा फ्रेंच शब्द मांडण्यापर्यंत त्या व्हिक्टरची मजल गेली. बोलणे मात्र त्याला अखेरपर्यंत साधले नाही. इतारचा शिष्य एदुआर सेगें याने हीच रीत मतिमंद मुलांसाठी विस्तारली: हाताला, डोळ्याला व कानाला एकाच वेळी कामास लावावयाचे. रोमच्या मारिया माँटेसोरी या डॉक्टरीणबाईंनी सेगेंचा ग्रंथ समजून घेण्यासाठी त्याचे इटालियन भाषांतर स्वहस्ते उतरून काढले, आणि 6 जानेवारी 1907 रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडल्यावर खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली. मूल त्यांवरून दोन बोटे फिरवी आणि त्याच क्षणी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारी.

आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर ओनामा गिरवीत मोठ्याने म्हणणारा पोरगा नेमके हेच करीत होता. पंतोजींच्या छडीचे समर्थन कोण करील! पण अक्षर बोटातून, डोळ्यातून आणि कंठातून एकदमच आत जावे, ही वहिवाट तिथे कुणा मानसशास्त्रज्ञाच्या सनदेवाचून चालत आलेली होती.

त्याच वळणाची दुसरी शाखा अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे फुटली. अन्य बाबतींत हुशार, परंतु वाचता म्हणून येत नाही, अशी मुले ग्रेस फर्नाल्ड यांच्याकडे येत. मुलाने आपल्याला हवा तो शब्द सांगावयाचा, मग तो कितीही लांब असो. बाईंनी तो कागदाच्या पट्टीवर मोठ्या वळणदार अक्षरांत लिहावयाचा. मुलाने त्यावर बोट फिरवीत तो उच्चारावयाचा. आणि न पाहता लिहिता येईपर्यंत हे चालू ठेवावयाचे. याविषयीचा त्यांचा लेख 1921 सालचा. पाहणे, ऐकणे, हालचाल आणि स्पर्श या चतुष्टयाचे नाव या रीतीला पडले. परंतु हे चारही एकाच मुलासाठी होते.

या दोन घराण्यांचा शरीरसंबंध 1979 साली ओहायोत जुळला. वॉल्टर बार्ब आणि रेमंड स्वासिंग यांनी आकृत्यांची मालिका डोळ्यांनी, कानांनी वा स्पर्शाने ध्यानात ठेवावयास लावून मुलाचे बलस्थान ठरविणारी एक चाचणी तयार केली. तिच्याबरोबरचे पुस्तक हस्ताक्षराचे कित्ते छापणाऱ्या कंपनीने काढले. इंद्रिये फर्नाल्डबाईंची, वाटणी शार्कोची. जी रीत एका मुलाच्या सर्व वाटा एकत्र आणण्यासाठी जन्मली, तिचेच नाव घेऊन आता एकेका मुलाला एकेक वाट मुक्रर करून देण्यात आली! पुढे न्यूझीलंडमधील लिंकन विद्यापीठाचे नील फ्लेमिंग यांनी 1992 साली त्यात वाचन-लेखनाचा प्रकार घातला. ते पूर्वी शाळा तपासनीस होते, आणि उत्तम शिक्षक काही मुलांपर्यंत पोहोचत नाहीत, तर सामान्य शिक्षक पोहोचतात, या कोड्याने त्यांना छळले होते. आपली प्रश्नावली आत्मचिंतनास चालना देण्यापुरती आहे, हे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच नमूद केले. लोकांनी मात्र तिचा जातीचा दाखला केला.

2004 साली फ्रँक कॉफील्ड व सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तेव्हा अशा शैलींच्या तब्बल 71 मांडण्या आढळल्या. चार वर्षांनी हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर तिघा मानसशास्त्रज्ञांनी खरी कसोटी सांगितली. दृक्‌प्रधान ठरलेल्या निम्म्या मुलांना चित्रांनी आणि निम्म्यांना भाषणाने शिकवावे, श्रवणप्रधानांचेही तसेच करावे, आणि सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. एका गटाला एक रीत आणि दुसऱ्या गटाला दुसरी रीत अधिक फळली, तरच सिद्धांत खरा. या कसोटीस उतरणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. नकाशा सर्वांनीच पाहावयाचा असतो आणि कवितेची चाल सर्वांनीच ऐकावयाची असते. रीत विषयाच्या स्वभावावर बरीच अवलंबून असते, ही साधी गोष्ट या साऱ्या वर्गीकरणाच्या गलबल्यात मागे पडली होती.

मग विद्यार्थ्यागणिक अध्यापन बदलूच नये काय? बेलाशक बदलावे, मात्र प्रश्न अधिक जवळून विचारावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम करू लागल्या व 1957 साली कोसबादच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा माँटेसोरीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया आणि पाने आली. वारली मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण शोधता असे दिसले की, कुणाच्या कडेवर धाकटे भावंड आहे, कुणाच्या स्वाधीन गुरे आहेत. तेव्हा भावंडासाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्याची तजवीज झाली. आणि गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले.